पुढचा खांदा, मौजे पासली

नाव चिमाजी बिन आबाजी रेणुसे. वय वर्षे अडुसष्ट. धंदा पेन्शनदार शाळामास्तर, हल्ली घरची शेती. राहणार मौजे पासली, ठाणे वेल्हे, भोर संस्थान. फाल्गुन वद्य प्रतिपदा, शके १८५२.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वर लिहिलेला मजकूर माझा असून बरोबर आहे. या प्रकरणात ज्यांची नावे येतात त्यांपैकी तिघांस मी त्यांच्या लहानपणापासून ओळखतो. मयत रखमाजी हा गुंजवणे गावचा, रानाच्या ठेकेदाराकडे रखवालदारांचा नाईक होता. आरोपी भिमा हा माझा शेजारी असून मुंबईस गिरणीत कामास आहे. मयत गेनू हा त्याच गिरणीत कामास होता. तो माझा मुलगा. तिघेही माझ्या शाळेत शिकले. गेनूचे प्रेत या ठाण्याच्या ओसरीत ठेवले असून मी ते ओळखले आहे.

फौजदारसाहेबांनी मला फिर्याद वाचून दाखवली. तीत असे आहे की, मुंबईचे गिरणीवाले राजकीय हेतूने कट करून आले, आणि भिमा याने काल दुपारी होळीचे झाड रखमाजीच्या अंगावर जाणूनबुजून टाकून त्याचा खून केला. हे शाबीत झाल्यास भिमास फाशी होईल, हे मला कळते. घटना मी फार जवळून पाहिली असल्यामुळे हा जबाब देत आहे. ज्यांचे बोलणे मी सांगेन त्यांचे शब्द मी सुधारलेले नाहीत. लिहून घेणारांनीही ते सुधारू नयेत.

आमच्या गावची रीत प्रथम सांगणे अवश्य आहे, कारण तिच्यावाचून पुढील गोष्टीचा अर्थ लागणार नाही. होळीसाठी आम्ही रानातून सावरीचे एक उंच झाड तोडून आणतो. झाड खांद्यावर आले, की चव्हाट्यावरील खड्ड्यात उभे राहीपर्यंत ते जमिनीस लागू द्यावयाचे नाही. लागले, तर त्या वर्षी होळी पेटत नाही आणि गावात शुभकार्य होत नाही. वाटेत थकलेल्या माणसाच्या जागी दुसरा खांदा देतो. झाड मात्र अधांतरीच राहते. वर्षभर जे गावाबाहेर राबतात, त्यांनी पुढचा खांदा द्यावयाचा, अशीही रीत आहे. उतारावर सगळा भार पुढच्या खांद्यावर येतो. बाहेर राहून गावच्या कष्टातून सुटलेल्यांनी तो एक दिवस उचलावा, एवढाच तिचा अर्थ. मुंबईचे लोक झाडाच्या पुढे होते म्हणून ते म्होरके होते, असे फिर्यादीत अनुमान काढले आहे. ते चूक आहे. ते रीतीने पुढे होते.

गावाच्या वरच्या अंगास हिरड्याचे रान आहे. ते सहा वर्षांपूर्वी एका परगावच्या ठेकेदाराकडे गेले. तेव्हापासून त्याचे रखवालदार आमची गुरे रानाच्या कडेवरून हाकून नेऊन कोंडवाड्यात घालतात. हिरड्याची पोती गावकऱ्यांच्या डोक्यावरून फुकट वाहून नेली जातात. बायकाही त्यातून सुटत नाहीत. होळीच्या सावरीसाठीसुद्धा दरवर्षी रखमाजीस कोंबडा द्यावा लागे, तेव्हा तो तोंड फिरवून बसे. सावरीचे लाकूड चुलीतही धड जळत नाही. ठेकेदारास त्याचा काडीइतका उपयोग नव्हता.

गावातील लोक हे सहा वर्षे का सोसत होते, असे मला विचारण्यात आले. सोसत होते, कारण आज जो रखवालदारास उलट बोलेल त्याची गाय उद्या कोंडवाड्यात जाईल. मीही सोसले. मुंबईस असणाऱ्यांची गाय येथे त्यांच्या नावाने चरत नाही. म्हणून त्यांस तितके भय नव्हते. परंतु निर्भयपणा हे एकच कारण असते, तर मुंबईहून आलेले सगळेच पुढे आले असते. तसे झाले नाही. ज्या दोघांनी आपली जमीन विकून टाकली होती, ते काल झाडाला हात न लावता ओट्यावर पान खात बसले होते. त्यांतील एक जण मला म्हणाला, "मास्तर, आता आमचं हितं काय ऱ्हायलंय? कशापायी डोस्कं फोडून घ्यायचं?" ज्यांचे वावर येथे आहे आणि ज्यांची म्हातारी माणसे ते कसतात, तेच खांद्याला लागले.

ते सगळे मुंबईत एकाच खोलीत राहतात. गावच्या सर्वांनी मिळून ती खोली भाड्याने घेतली आहे. पाळीपाळीने झोपतात, एका हातचे खातात. यंदा गिरणीने होळीची रजा नाकारली. तेव्हा, जो जाणार नाही त्याने खोलीत पाऊल ठेवू नये, असे त्यांनी भंडारा उचलून शपथेवर ठरवले, हे गेनूनेच मला घरी आल्यावर सांगितले. यास कट म्हणावयाचे असल्यास म्हणावे. माझ्या समजुतीप्रमाणे जो मनुष्य नोकरीवर पाणी सोडून झाड उचलावयास आला आहे, तो ते झाड धाकाने खाली ठेवणार नाही, इतकेच त्यावरून सिद्ध होते.

त्यांचा हेतू राजकीय होता काय, या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. ते मी लपवीत नाही. वेठ बंद करा, चराई मोकळी करा, होळीचे झाड आमचे आहे, असे ते झाड तोडताना ओरडले. गेनूने कुऱ्हाड हातात घेऊन लहानसे भाषणही केले. ते चांगले झाले. मात्र झाडाच्या शेंड्यास बांधलेले तांबडे फडके संपवाल्यांचे निशाण होते, हा मजकूर खोटा आहे. तो चोळीचा खण होता. तो साळूबाईने मुलाच्या नवसासाठी बांधला. साळूबाई ही माझी सून, गेनूची बायको.

संपाविषयी एक गोष्ट येथे नोंदवावी. दोन-तीन वर्षांपूर्वी मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला, तेव्हा गेनू व भिमा घरी येऊन बसले होते. मिरवणुकीत नाहीत, सभेत नाहीत. मी त्यांस टोचून विचारले, की तेथे इतके लोक लाठ्या खात असता तुम्ही येथे भाताच्या आवणीला कसे? त्यावर भिमा म्हणाला, "मास्तर, तितं आमी पाव्हणं. पाव्हण्यानं घरधन्याशी भांडू ने. जेवावं आन् गप उठावं." गेनू हसून म्हणाला, "आबा, आमचा तोंडाळपणा आमी हितं ठिवून जातो. परत आल्याव उचलतो." तेव्हा मला ते भित्रेपणाचे बोलणे वाटले व मी तसे त्यास म्हणालो.

काल दुपारी झाड खांद्यावर घेऊन लोक रानातून उतरू लागले. झाड ओले, बुडख्याला माणसाच्या कमरेएवढे जाड होते. बुडखा पुढे होता. बुडख्याच्या उजव्या अंगास गेनू व डाव्या अंगास भिमा होता. मागे मुंबईचे व गावचे असे मिळून होते. मी हातात नारळ व काठी घेऊन सर्वांच्या पुढे चालत होतो. वृद्ध माणसाचा तो मान आहे. खालच्या ओढ्याआधी वाट अरुंद व फार उतरती होते, आणि एका बाजूस मोठा कातळ आहे. तेथे रखमाजी पाच-सहा माणसे घेऊन वाट अडवून उभा होता. सर्वांजवळ लाठ्या होत्या. मी बांधावर चढून बाजूस उभा राहिलो. त्यामुळे पुढे जे घडले ते माझ्या डोळ्यांसमोर घडले.

रखमाजी म्हणाला, "ठिवा खाली. लाकूड जप्त."

भिमा म्हणाला, "नाईक, होळी हाये ही. तुमच्या गुंजवण्यात काय तुराट्यांची करत्यात व्हय?"

लोक हसले. रखमाजीही हसला. तो म्हणाला, "औंदा कोंबडा कुटं गेला रं? मुंबईला गिरणीत लावला का काय?"

यावर मागून कोणीतरी, "कोंबडा न्हाई, तुजा बाप लावलाय," असे म्हणाले. मग शिमग्याची बोंब सुरू झाली. त्या दिवशी शिव्या देण्यास मोकळीक असते, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांतील काही शिव्या शिमग्याच्या होत्या आणि काही नव्हत्या. फरक मला कळत होता, आणि रखमाजीलाही कळला. त्याचे हसणे थांबले.

तेव्हा गेनू म्हणाला, "नाईक, खड्ड्यापातुर जाऊ द्या. येकदा उभी ऱ्हायली की कंचा गुन्हा लावायचा त्यो लावा. माजं नाव घ्या. म्या सोता चालत ठाण्यात येतो. पळून कुटं जातोय?"

हे म्हणणे रास्त होते. रखमाजीने ते मानले नाही. तो कातळास टेकून म्हणाला, "खाली ठिवत न्हाई न्हवं? मंग धरून ऱ्हावा. बगू कवर धरताय."

येथे मी स्पष्ट सांगतो, की रखमाजीस रीत माहीत होती. झाड खांद्यावर असेपर्यंत या माणसांचे हात बांधलेले आहेत, हे त्यास माहीत होते, आणि म्हणूनच त्याने त्यांस उभे केले. लोक उतारावर उन्हात उभे राहिले. मागच्यांनी खांदे बदलले. पुढच्यांस बदल देण्यास वाट नव्हती, कारण तेथे रखवालदार होते. गेनूच्या पोटऱ्या थरथरू लागल्या. मी रखमाजीस, "अरे, पुरे कर," असे म्हणालो. तो म्हणाला, "मास्तर, तुमी मदी पडू नगा. तुमची पेन्शन हाये."

नंतर त्याने मान हलवली, आणि रखवालदार पुढच्या माणसांस मारू लागले. प्रथम बोटांवर, मग कोपरांवर मारले. भिमाच्या करंगळीचे हाड बाहेर आले. कोणीही झाड सोडले नाही. कोणीही हात उचलला नाही. उचलता येतच नव्हता. भिमा, "धरा रं, धरा," एवढेच ओरडत होता. झाडामागून येणाऱ्या गावच्या बायका वरून दगड मारू लागल्या, हे खरे आहे. त्यांतील एक दगड सोनबा नावाच्या रखवालदाराच्या कपाळास लागला. सोनबा चिडला आणि त्याने गेनूच्या गुडघ्यावर लाठी घातली. गुडघा फुटल्याचा आवाज मी ऐकला. गेनू एका पायावर उभा राहिला. सोनबाने दुसरा तडाखा मानेवर दिला. तेव्हा गेनू खाली बसला.

एक खांदा गेल्यावर बुडखा कलला. भिमा गुडघ्यांवर आला, तरी त्याने खांदा काढला नाही. झाड त्याच्या खांद्यावरून घासत पुढे सरकले, गेनूस खाली घेऊन गेले, आणि रखमाजीस कातळावर दाबून थांबले. रखमाजी बाजूस होऊ शकला असता. तो झाडाकडे पाहत उभा राहिला.

भिमाने झाड टाकले, ही गोष्ट म्हणून असत्य आहे. त्याचा उजवा खांदा फौजदारसाहेबांनी उघडून पाहावा. कातडी मानेपासून दंडापर्यंत सोलली गेली आहे. जो झाड टाकतो त्याचा खांदा असा सोलला जात नाही. जो शेवटपर्यंत धरतो त्याचा जातो.

यापुढील गोष्ट मला कोणी विचारलेली नाही, परंतु ती भिमाच्या बाजूची असल्यामुळे सांगणे प्राप्त आहे. झाडाखाली दोन माणसे होती. एकास ओढून काढावयाचे तर झाड त्याच्या बाजूने उचलून दुसऱ्याच्या बाजूस कलवावे लागत होते. लोक गेनूकडे धावले. भिमाने त्यांस हाताने मागे लोटले व तो म्हणाला, "आदी त्याला काडा. त्यो आपल्या शिवंत हाये. आपल्या शिवंत पाव्हणा मेला तर कंच्या तोंडानं होळी करायची?"

लोकांनी भिमाचे ऐकले व झाड कलवले. रखमाजी निघाला. त्या वेळी गेनूचा उजवा हात हलत होता. मी ते पाहिले. नंतर झाड पुन्हा उचलून गेनूस काढले, तेव्हा हात हलत नव्हता.

जो मनुष्य खून करावयास आला होता, त्याने ज्याचा खून करावयाचा त्यास प्रथम का काढले, याचे उत्तर फिर्याद देणारांनी द्यावे.

भिमाने रखमाजीस ओढ्याच्या कडेस नेऊन पाणी पाजले. मी तेथे गेलो. रखमाजीच्या तोंडातून रक्त येत होते. तो मला म्हणाला, "मास्तर, मला वाटलं ठिवत्याल." थोड्या वेळाने तो मेला. त्याचे डोके भिमाच्या मांडीवर होते. वरच्या अंगास धूर दिसू लागला, तो त्याच सुमारास. ठेकेदाराची हिरड्याची वखार जळत होती. ती कोणी पेटवली हे मी पाहिले नाही, म्हणून सांगत नाही. भिमाने पेटवली नाही, हे सांगू शकतो. तो उठलाच नव्हता. ज्यांच्या गाई गावात आहेत असे पुष्कळ लोक त्या वेळी ओढ्याजवळ नव्हते. वर्षानुवर्षे गप्प असलेली माणसे मुंबईहून आलेल्यांपेक्षा त्या घटकेस अधिक भयंकर झाली होती. एका रखवालदारास त्यांनी उचलून ओढ्यातील दगडांवर आपटले. त्याच्या बरगड्या मोडल्या आहेत. आपटणारांत मुंबईचा एकही मनुष्य नव्हता.

सोनबाचा डोळा फोडल्याचा आरोपही भिमावरच ठेवला आहे. त्याविषयी सांगतो. गेनूस झाडाखालून काढल्यावर साळूबाईने त्याचे डोके सरळ केले. नंतर मी गेनूजवळून उठलो. सोनबा कातळापाशी उभा होता. त्याने लाठी खाली टाकलेली होती. मला पाहून त्याने हात जोडले व तो म्हणाला, "मास्तर, चुकलं." मी काठी उलटी धरून टोकाच्या शेंबीच्या बाजूने त्याच्या तोंडावर मारली. एकदा मारून तो पडला नाही, म्हणून पुन्हा मारली. डोळा दुसऱ्या माराने गेला. लोकांनी मला धरले नसते, तर मी थांबलो नसतो. ती काठी जप्तीत आहे. तिला पितळी शेंबी असून, मी शाळा सोडली तेव्हा मुलांनी ती मला दिली होती. शेंबीवरील रक्त सोनबाचे आहे. हे कृत्य माझे एकट्याचे आहे. मी मुंबईस कधीही गेलेलो नाही.

काल गावात होळी पेटली नाही. झाड कातळापाशीच पडलेले आहे. त्यास आता कोणी हात लावणार नाही. पंचनामा संपल्यावर ठेकेदाराने ते न्यावे.

या जबाबाचा कच्चा मसुदा वाचून दाखवला, तेव्हा त्यात मी एक दुरुस्ती सांगितली. त्यात माझ्या नावापुढे 'राहणार पासली', आणि भिमा, गेनू व बाकीचे गिरणीवाले यांच्या नावांपुढे 'राहणार मुंबई' असे लिहिले होते. फौजदारसाहेब म्हणाले, की वर्षातून अकरा महिने मनुष्य जेथे असतो तोच त्याचा पत्ता. आणि बाहेरून आलेल्या लोकांनी येथे दंगा केला, असाच वरिष्ठांकडे रिपोर्ट गेला आहे. मी त्यांस सांगितले, की ते मुंबईस कामास असत, राहावयास नव्हे. तेथे ते पाहुणे होते, म्हणून तेथे कधी भांडले नाहीत. भांडले ते येथे. डोळा फोडणारा मी येथला, वखार जळाली तीही येथल्यांच्या हाताने. त्यांस बाहेरचे लिहावयाचे असेल तर मलाही तसेच लिहावे, नाहीतर सर्वांच्या नावांपुढे एकच गाव लिहावे. तोपर्यंत मी या कागदावर सही करणार नाही आणि ओसरीतील प्रेत ताब्यात घेणार नाही.

फौजदारसाहेबांनी सर्वांच्या नावांपुढील 'मुंबई' हा शब्द खोडला व 'पासली' असे लिहिले. प्रत्येक खाडाखोडीजवळ त्यांनी आपली सही केली आहे.

वरील जबाब मला सावकाश वाचून दाखवण्यात आला व मी तो स्वतः चष्मा लावून पुन्हा वाचला. मी जे पाहिले व जे केले तेच त्यात आहे. अधिक नाही, उणे नाही. यावर राजीखुशीने सही करतो. मयत गेनू बिन चिमाजी रेणुसे, वय वर्षे तीस, राहणार मौजे पासली, याचे प्रेत आज बाप या नात्याने ताब्यात घेतले.

सही, चिमाजी आबाजी रेणुसे
समक्ष, फौजदार